डोक्यावर ऑरोरा, पडद्यावर शून्य: रडारच्या नोंदींतून आयनांबराचा हिशेब कसा काढायचा

ध्रुवीय प्रकाशाच्या, म्हणजे ऑरोराच्या, मागे रडार घेऊन लागलेल्याला एक रात्र हमखास भेटते. हिरवे झोत थेट डोक्यावर नाचत असतात, चुंबकमापकाची रेघ खाली कोसळलेली असते आणि रडारचा पडदा मात्र कोरा असतो. पहिला संशय यंत्रावर जातो. केबल तपासल्या जातात, प्रक्षेपक बंद करून पुन्हा सुरू केला जातो. बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असतं. त्या रात्री आयनांबराने, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागाने, काय केलं, हे न तपासता आपण पडद्यावर विश्वास टाकलेला असतो.

हा लेख त्या तपासणीचा आहे. स्वतःचं रडार असो किंवा कोणी खुली केलेली नोंद वाचायची असो, क्रम हाच ठेवा. गणित शाळेतल्या वर्गमूळ आणि कोसाइनपलीकडे जात नाही.

रडारला प्रकाश दिसत नाही

ऑरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा. त्याची तरंगलांबी ५५७.७ नॅनोमीटर आणि तो साधारण १०० ते १२० किलोमीटर उंचीवर सर्वात ठळक असतो. रडारला या रंगाशी काही देणंघेणं नाही. वरून कोसळणारे इलेक्ट्रॉन हवेचं आयनीभवन करतात, तिथे विद्युतक्षेत्र असलं की प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांचं मिश्रण, खवळतो आणि इलेक्ट्रॉन घनतेत बारीक लाटा उठतात. रडारची लहर या लाटांवरून परतते. जॉड्रेल बँक इथे लव्हेल, क्लेग आणि एलियट यांनी १९४७ मध्ये ऑरोराचे रेडिओ प्रतिध्वनी नोंदवले, तेव्हापासून ‘रडार ऑरोरा’ आणि ‘डोळ्यांना दिसणारा ऑरोरा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी आहेत, पण एकच नाहीत.

अडचण अशी की ज्या आयनांबरात हे लक्ष्य आहे, तेच आयनांबर लहर वाकवतं, गिळतं आणि उशिरा पोचवतं. वस्तू, भिंग आणि काजळी, सगळं एकाच ठिकाणी. म्हणून नोंदीतल्या प्रत्येक ठिपक्याला विचारायचं की तू कुठला, आणि प्रत्येक मोकळ्या जागेला विचारायचं की तू मोकळी का. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

पायरी १: रडार किती मोठी लाट पाहतं

सोपी पायरी आहे. प्रक्षेपक आणि ग्राहक एकाच जागी असतील, तर रडारला त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्या आकाराच्या लाटा दिसतात. ५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६ मीटर, म्हणजे ते ३ मीटरच्या लाटा पाहतं. १५० मेगाहर्ट्झवर १ मीटर, १० मेगाहर्ट्झवर १५ मीटर. दोन रडारांची चित्रं जुळत नसतील तर आधी हे पाहा. एकाला दिसणारी लाट दुसऱ्यासाठी अस्तित्वातच नसते.

पायरी २: घनतेवरून अपवर्तनांक

इलेक्ट्रॉन घनता दर घनमीटरला किती लाख कोटी आहे ते लिहा. त्या आकड्याचं वर्गमूळ काढून ९ ने गुणा. आली प्लाझ्मा वारंवारता, थेट मेगाहर्ट्झमध्ये. घनता १ लाख कोटी असेल तर ९ मेगाहर्ट्झ. ५० हजार कोटी, म्हणजे ०.५ असेल तर सुमारे ६.४.

आता प्लाझ्मा वारंवारतेचा वर्ग भागिले रडारच्या वारंवारतेचा वर्ग, हे १ मधून वजा करा आणि उत्तराचं वर्गमूळ घ्या. हा अपवर्तनांक. तो १ पासून जितका दूर, तितकी लहर जास्त वाकते. ५० हजार कोटी घनतेसाठी १४० मेगाहर्ट्झवर तो ०.९९९० येतो, ५० मेगाहर्ट्झवर ०.९९१९, आणि १० मेगाहर्ट्झवर ०.७७. पहिले दोन आकडे पाहून ‘फरक नगण्य’ असं म्हणायचा मोह होतो. तो दोन पायऱ्यांपुरता आवरा.

घनता कुठून आणायची? जवळ आयनोसोंड, म्हणजे जमिनीवरून वर लहरी सोडून घनता मोजणारं यंत्र, असेल तर उत्तम. आंतरराष्ट्रीय संदर्भ आयनांबर, म्हणजे आयआरआय हे प्रतिमान शांत दिवसाला ठीक. पण वरून इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडत असताना ऑरोराच्या पट्ट्यातला ई थर, म्हणजे आयनांबराचा साधारण ११० किमी उंचीवरचा थर, प्रतिमानातल्यापेक्षा कितीतरी घन होतो. अशा रात्री प्रतिमानाचा आकडा वापरायचा तर दोन-तीन वेगवेगळ्या घनता घेऊन गणित करा आणि उत्तर किती हलतं ते बघा. एकाच आकड्यावर विसंबून काढलेलं उत्तर नेमकं दिसतं, पण ते खोटं असू शकतं.

पायरी ३: काटकोन जमतोय का

बहुतेक कोऱ्या पडद्यांचं कारण इथे सापडतं, म्हणून इथे जरा थांबू.

प्लाझ्मातल्या या लाटा चुंबकीय क्षेत्ररेषांच्या दिशेने लांबलचक ताणलेल्या असतात, उभ्या टांगलेल्या बांबूंसारख्या. बांबूच्या पडद्यावर काटकोनात टॉर्च मारला तर उजेड परत येतो, तिरका मारला तर भलतीकडे जातो. इथेही तसंच. रडारची लहर क्षेत्ररेषेला काटकोनात भेटली तरच प्रतिध्वनी परततो. व्हीएचएफवर (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) काटकोनापासून १ अंश ढळलात की शक्ती सुमारे १० डेसिबलने घटते, म्हणजे एकदशांश उरते. दोन-तीन अंशांनंतर शोधण्यासारखं काही राहत नाही.

ध्रुवीय भागात क्षेत्ररेषा जवळपास उभ्या असतात. क्षितिजाशी त्या करतात तो कोन म्हणजे नती. समजा ती ७७ अंश आहे. ध्रुवाच्या दिशेने पाहणाऱ्या रडारच्या लहरीला काटकोनासाठी लक्ष्यापाशी स्थानिक क्षितिजाच्या ९० वजा ७७, म्हणजे १३ अंश वर जाताना क्षेत्ररेषा भेटायला हवी. विषुववृत्ताच्या दिशेने पाहणाऱ्या रडारला सरळ रेषेत हा कोन मिळतच नाही. म्हणून जुनी ऑरोरा रडारं ऑरोराच्या पट्ट्याच्या बाहेर, विषुववृत्ताकडच्या बाजूला उभारून ध्रुवाकडे तोंड करून ठेवलेली असत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतल्या मालविक आणि फिनलंडमधल्या हँकासाल्मी इथून चालवलेली स्टेअर ही रडारांची जोडी साधारण १४० मेगाहर्ट्झवर याच तत्त्वावर काम करत होती.

आता अंतर टाकून पाहा. लक्ष्याची उंची ११० किमी, रडारपासून तिरकं अंतर ६०० किमी. अंतराच्या वर्गाला पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे १२,७४२ ने भागलं की २८ किमी येतात. पृथ्वीच्या गोलाईने खाल्लेली ही उंची. ११० वजा २८ म्हणजे ८२. त्याला ६०० ने भागलं की ०.१३६. हे उन्नतांशाचं, म्हणजे क्षितिजापासून वरच्या कोनाचं, साइन, म्हणून रडारपाशी उन्नतांश ७.८ अंश. लक्ष्यापर्यंत पोचेतो पृथ्वी ५.३ अंश वळलेली असते, तेवढे मिळवा. लक्ष्यापाशी १३.१ अंश. नती ७७ असेल तर कोन जुळला, प्रतिध्वनी येणार.

हाच ऑरोरा वादळी रात्री विषुववृत्ताकडे सरकून रडारपासून ३५० किमीवर आला तर? तेच गणित केलं की रडारपाशी १६.७ अंश आणि लक्ष्यापाशी सुमारे १९.६ अंश येतात. काटकोनासाठी नती ७०.४ हवी. तिथे ती ७५ असेल तर साडेचार अंशांनी चुकलात. ऑरोरा जवळ आला, डोळ्यांना भव्य झाला आणि रडारवरून पुसला गेला. थेट डोक्यावर आला तर कोन आणखीच चुकतो. सुरुवातीला सांगितलेल्या रात्रीचं कोडं बहुधा हेच असतं.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. ११० किमी उंचीचं लक्ष्य सरळ रेषेत साधारण १,२०० किमीपलीकडे क्षितिजाखाली जातं. म्हणून व्हीएचएफ रडारला ऑरोराचा एक पट्टाच दिसतो, आतली आणि बाहेरची कड ठरलेली. आयजीआरएफ या चुंबकीय प्रतिमानातून नती घेऊन हा पट्टा एकदाच नकाशावर आखून ठेवा. त्याच्या बाहेरचा कोरेपणा कशाचाही पुरावा नाही.

पायरी ४: लहर किती वाकली

आता तो ‘नगण्य’ अपवर्तनांक परत काढा. थर आडवे धरले तर नियम सोपा आहे: थरात शिरण्याआधीच्या कोनाचं कोसाइन भागिले अपवर्तनांक, म्हणजे थराच्या आतल्या कोनाचं कोसाइन.

१३.१ अंशांचं कोसाइन ०.९७४०. १४० मेगाहर्ट्झवर ०.९९९० ने भागलं तर आतला कोन १२.८ अंश येतो. पाव अंशाचा फरक, सोडून द्या. ५० मेगाहर्ट्झवर ०.९९१९ ने भागलं तर १०.९ अंश. अपवर्तनांकातला एक टक्काही नसलेला फरक कोनात २ अंशांहून जास्त होतो, कारण लहर जवळजवळ आडवी जात असते. आणि २ अंश म्हणजे वरच्या हिशेबाने प्रतिध्वनी जवळपास नाहीसा.

तो नाहीसा होत नाही, जागा बदलतो. १३.१ अंशांचा कोन थराच्या आत मिळवायचा तर बाहेरचा कोन १५ अंश हवा आणि तो ६०० नव्हे, सुमारे ५०० किमी अंतरावर मिळतो. नती सारखीच धरली तर प्रतिध्वनींची जागा १०० किमीने जवळ सरकली. ऑरोरात घनता काही मिनिटांत दुप्पट किंवा निम्मी होते. म्हणजे ५० मेगाहर्ट्झच्या नोंदीत प्रतिध्वनींचा पट्टा रडारकडे धावत येताना दिसला, तरी ऑरोरा जागचा हललेला नसू शकतो. फक्त भिंगाची ताकद बदललेली असते. ही चूक छापील आलेखांतही सहज खपून जाते, म्हणून ती हेरायची सवय लावून घ्या. उपाय सोपा: त्याच क्षणाचं सर्वाकाश कॅमेऱ्याचं चित्र बघा, किंवा वेगळ्या वारंवारतेच्या रडारची नोंद. खरी हालचाल दोन्हींत दिसते, वाकण्याची एकातच.

१० मेगाहर्ट्झवर तर खेळच बदलतो. १३ अंशांनी शिरलेली लहर घनता ६,३०० कोटींवर पोचताच पूर्ण आडवी होते आणि तिथून खाली वळते. ऑरोराच्या ई थरात त्याच्या आठपट घनता असू शकते. पण हा शाप एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) रडारांनी वरदान करून घेतला. व्हीएचएफची सरळ लहर एफ थरात, २५०-३०० किमी उंचीवर, जवळपास उभ्या क्षेत्ररेषांना काटकोनात भेटू शकत नाही. एचएफची लहर वाकत वाकत आडवी होते, म्हणून भेटते. लॅब्रॅडॉरमधल्या गूज बे इथे १९८३ मध्ये सुरू झालेलं एचएफ रडार या कल्पनेवर उभं राहिलं आणि त्याच्या वंशातून सुपरडार्न हे जाळं वाढलं, ८ ते २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, दोन्ही गोलार्धांत तिसाहून अधिक रडारं. त्यांना अपवर्तनाशिवाय चालतच नाही. त्यामुळे या रडारवर प्रतिध्वनी दिसत नसेल, तर ‘लाटा नाहीत’ म्हणण्याआधी ‘आज लहर पुरेशी वाकली का, की जास्तच वाकली’ हे विचारा. रडार दोन वारंवारतांवर आलटून पालटून चालत असेल तर त्या दोन नोंदी शेजारी लावा. वारंवारता बदलताच पट्ट्याचं अंतर बदलत असेल, तर तुम्ही अपवर्तन पाहताय.

पायरी ५: डी थराने किती गिळलं

६० ते ९० किमीच्या डी थरात हवा दाट असते. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन या खोलीपर्यंत पोचले की शोषण वाढतं, आणि ते ढोबळमानाने वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं.

शोषण मोजायला रिओमीटर असतो. आकाशगंगेचा रेडिओ गोंगाट बहुधा ३० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकत राहायचा आणि तो नेहमीपेक्षा किती मंदावला ते पाहायचं. समजा रिओमीटर फक्त १ डेसिबल दाखवतो. १० मेगाहर्ट्झवर ते ९ डेसिबल होतात. लहर २० अंश उन्नतांशाने जात असेल तर डी थरातला रस्ता उभ्यापेक्षा सुमारे २.७ पट लांब, आणि जाऊन परत यायचं म्हणून दुप्पट. एकूण जवळपास ४८ डेसिबल. बहुतेक प्रतिध्वनी यात मेले. १४० मेगाहर्ट्झवर ८ अंशांच्या सपाट लहरीसाठी हाच हिशेब अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की उपवादळ फुटतं, म्हणजे ऑरोरा अचानक उजळून पसरतो, त्याच क्षणी शोषणही उसळतं. जो अर्धा तास पाहायचा असतो, नेमक्या त्याच अर्ध्या तासात एचएफ रडार आंधळं होतं.

ओळखायची खूण: शोषणात जमिनीवरून परतणारे प्रतिध्वनीही एकदम लोप पावतात, आणि रडारने ऐकलेला आकाशातला गोंगाटही खाली जातो. फक्त ऑरोराचे प्रतिध्वनी गेले आणि जमिनीचे शाबूत असतील, तर दोष शोषणाला देऊ नका. पायरी ३ आणि ४ कडे परत जा.

पायरी ६: अंतर खरं किती

रडार वेळ मोजतं आणि प्रकाशाच्या वेगाने गुणून अंतर सांगतं. प्लाझ्मात स्पंद, म्हणजे रडारने सोडलेला लहरीचा छोटा तुकडा, त्याहून हळू जातो, म्हणून लक्ष्य आहे त्याहून दूर दिसतं. ५० हजार कोटी घनतेच्या थरातून ५० किमी प्रवास झाला तर ५० मेगाहर्ट्झवर सुमारे ४०० मीटरची, १४० वर ५० मीटरची चूक. विसरा.

एचएफवर विसरून चालत नाही. तिथे लहर हळूही होते आणि वाकड्या वाटेनेही जाते. नकाशावरची जागा अनेक किलोमीटरनी, लांबच्या टप्प्यांवर त्याहून पुष्कळ अधिक चुकू शकते. सुपरडार्नचा नेहमीचा अंतराचा कप्पा ४५ किमीचा असतो (३०० मायक्रोसेकंदांचा स्पंद), पण कप्पा बारीक म्हणून जागा अचूक असं समजू नका. नकाशावर मांडताना एक आभासी उंची, म्हणजे लहर सरळ आणि प्रकाशाच्या वेगाने गेली असं मानून लक्ष्याची येणारी उंची, गृहीत धरलेली असते. ती कोणती, हे नोंदीसोबत लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. दुय्यम अँटेनांच्या रांगेवरून मोजलेला उन्नतांश उपलब्ध असेल तर तोच वापरा. मात्र त्यात एका पूर्ण आवर्तनाची संदिग्धता असते, ४० अंश दाखवलेली लहर प्रत्यक्षात क्षितिजाला चिकटून आलेली असू शकते.

कॅमेऱ्याशी तुलना करताना आणखी एक फास असतो. २० अंश उन्नतांशावर दिसणाऱ्या कमानीची उंची १० किमीने चुकली तर नकाशावर ती २७ किमी सरकते. म्हणून ‘प्रतिध्वनी कमानीच्या बाजूला आले’ असं म्हणण्याआधी दोन्हींची उंची सारखी धरलीय ना ते बघा. एवढं करूनही ते बाजूलाच आले तर नवल नाही. तेजस्वी कमानीत वाहकता जास्त असल्याने विद्युतक्षेत्र दबतं, आणि लाटा उठायला क्षेत्र लागतं. प्रतिध्वनी कमानीच्या कडेला, अंधाऱ्या भागात भेटणं हे ऑरोराचं जुनं वागणं आहे.

पायरी ७: डॉप्लर वेग म्हणजे प्लाझ्माचा वेग नव्हे

डॉप्लर वेग म्हणजे परतलेल्या लहरीच्या वारंवारतेतल्या बदलावरून काढलेला वेग. ई थरात आयन हवेच्या रेणूंत अडकून पडतात आणि इलेक्ट्रॉन मात्र विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राला काटकोनात सुसाट वाहतात. दोघांच्या वेगांतला हा फरक आयन-ध्वनी वेगाहून (प्लाझ्मातल्या ध्वनीसारख्या लाटांच्या वेगाहून), म्हणजे साधारण ३५० ते ४०० मीटर प्रति सेकंदाहून मोठा झाला की प्लाझ्मा अस्थिर होतो आणि लाटा आपोआप वाढतात. १९६३ मध्ये फार्ली आणि बुनेमन यांनी स्वतंत्रपणे हे मांडलं. किती क्षेत्र लागतं? तिथलं चुंबकीय क्षेत्र सुमारे ५० मायक्रोटेस्ला, म्हणून दर मीटरला २० मिलिव्होल्ट म्हणजे ४०० मीटर प्रति सेकंद. याहून कमी क्षेत्रात हे प्रतिध्वनी उठणं कठीण, मग ऑरोरा कितीही हिरवा असो.

क्षेत्र ५० मिलिव्होल्टवर गेलं की इलेक्ट्रॉन १,००० मीटर प्रति सेकंदाने वाहतात. पण व्हीएचएफ रडार १,००० दाखवत नाही. लाटांचा वेग आयन-ध्वनी वेगाजवळ अडकून राहतो आणि डॉप्लर ४५०-५०० च्या आसपासच थांबतो. मोठं क्षेत्र इलेक्ट्रॉनांना तापवतं, तापल्यावर आयन-ध्वनी वेग स्वतःच वाढतो, म्हणून आकडा थोडा वर सरकतो. घाटात बस कितीही जोर लावो, पुढच्या ट्रकच्या वेगानेच जाते, तसं काहीसं. त्यामुळे व्हीएचएफच्या नोंदीत बऱ्याच भागात एकसारखा ४००-५०० चा वेग दिसला, तर तो ‘प्रवाह एकसारखा आहे’ म्हणून नाही, ‘वरची मर्यादा लागली आहे’ म्हणून वाचा. दिशा मात्र उपयोगी पडते. संध्याकाळी इलेक्ट्रॉन पश्चिमेकडे वाहतात, मध्यरात्रीनंतर पूर्वेकडे. उत्तर गोलार्धात ईशान्येकडे पाहणाऱ्या रडारला संध्याकाळी ते जवळ येताना आणि पहाटे दूर जाताना दिसायला हवेत. उलट दिसलं तर वेगाला अधिक-उणे चिन्ह देण्याचा संकेत तपासा.

एफ थरातले एचएफ प्रतिध्वनी या बाबतीत प्रामाणिक. तिथल्या लाटा प्लाझ्मासोबतच वाहतात, म्हणून डॉप्लर थेट प्रवाहाचा, रडारच्या नजरेच्या दिशेतला घटक देतो. फक्त अपवर्तनांकाने भागायला विसरू नका. १० मेगाहर्ट्झवर लक्ष्यापाशी घनता ३० हजार कोटी असेल तर अपवर्तनांक ०.८७, ७०० मीटर प्रति सेकंद मोजलेत तर खरे सुमारे ८०५. ही दुरुस्ती न केलेल्या नोंदी वेग सातत्याने कमी सांगतात.

एकाच एचएफ रडारवर ई आणि एफ, दोन्ही थरांचे प्रतिध्वनी एकत्र येतात. शेजारच्या कप्प्यांत वेग एकदम ३५० वरून ९०० वर उडी मारतो. तो प्रवाहातला फाटा नसतो, थर बदललेला असतो. उन्नतांश बघा, उलगडा होतो.

पायरी ८: घुसखोर बाजूला काढा

लहर आयनांबरातून वाकून जमिनीवर किंवा समुद्रावर आपटते आणि त्याच वाटेने परतते. हा जमिनीचा प्रतिध्वनी. वेग जवळपास शून्य, आणि वर्णपट, म्हणजे परतलेल्या वारंवारतांचा पसारा, अरुंद. सॉफ्टवेअर त्यावर खूण करतं, पण ती खूण अशाच सोप्या निकषावर असते. हळू वाहणारा खरा प्लाझ्मा तीत अडकतो आणि हलत्या आयनांबरामुळे थरथरणारी जमीन तीतून निसटते. सुरुवातीला मी खुणेवर डोळे मिटून विसंबलो आणि एका शांत रात्रीची चांगली दोन तासांची नोंद केराच्या टोपलीत टाकली. आता खूण लागलेले ठिपके मी राखाडी रंगात दाखवतो, खोडत नाही.

पहिल्या ४०० किमीतले बरेचसे ठिपके उल्कांचे असतात, साधारण ९० किमी उंचीवरचे, आणि त्यांचा वेग तिथल्या वाऱ्याचा असतो. शिवाय अँटेनाच्या पाठीमागून आलेला प्रतिध्वनी समोरचा म्हणून नोंदला जातो, हेही ध्यानात असू द्या.

पायरी ९: असंगत प्रकीर्णनाचं रडार हाताशी असेल तर

ट्रॉम्सोचं ९३० मेगाहर्ट्झचं, स्वालबार्डचं ५०० चं किंवा अलास्कातल्या पोकर फ्लॅटचं ४५० च्या आसपासचं रडार लाटांवर अवलंबून नसतं; ते इलेक्ट्रॉनांच्या उष्णतेच्या थरथरीवरून येणारा अतिक्षीण परतावा गोळा करतं. वाकणं, शोषण, उशीर, तिन्ही इथे किरकोळ. वरच्या सर्व पायऱ्यांना लागणारी खरी घनता हीच रडारं देतात.

पण त्यांनाही आयनांबर सुखाने जगू देत नाही. परताव्याची शक्ती इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या तापमानाच्या गुणोत्तरावर अवलंबून असते: घनता भागिले (१ अधिक गुणोत्तर). दोन्ही तापमानं सारखी धरून घनता काढली, पण ऑरोराने इलेक्ट्रॉनांना दुप्पट तापवलं असेल, तर खरी घनता काढलेल्या आकड्याच्या दीडपट असते. म्हणून नुसत्या शक्तीवरून काढलेली घनता आणि वर्णपट जुळवून काढलेली घनता यांत फरक करा. सरासरीही फसवते: मिनिटभराच्या सरासरीत बीममधून सरकून गेलेली अरुंद कमान फिकट आणि रुंद होऊन दिसते. आणि कधी वर्णपटाचं एकच टोक अचानक कित्येक पट उंचावतं. तिथे घनता वाढलेली नसते, आयन-ध्वनी लाटा नैसर्गिकरीत्या भडकलेल्या असतात. ते क्षण घनतेच्या आलेखातून काढून वेगळे ठेवा, मुकाट्याने सरासरीत मिसळू नका.

नोंदवहीत काय लिहायचं

दर १० मिनिटांना एक ओळ पुरते, पण तीत प्रतिध्वनी आले की नाही एवढंच नको. वेळ, वारंवारता, कॅमेऱ्यात ऑरोरा कुठल्या अंतरावर, काटकोनाच्या पट्ट्यात की बाहेर, रिओमीटर, जमिनीचे प्रतिध्वनी आहेत की गेले, आणि पडदा कोरा असेल तर तुमच्या मते का. नमुन्यादाखल अशी एक ओळ:

२२:४० – ५० मेगाहर्ट्झ – कमान ३५० किमीवर, अतितेजस्वी – काटकोनाच्या पट्ट्याबाहेर, आतल्या कडेच्याही अलीकडे, काटकोन ४.५ अंश चुकतो – रिओमीटर १ डेसिबल – प्रतिध्वनी नाही, कारण कोन, शोषण नव्हे. यंत्र तपासलं नाही, गरज नाही.